लेकीचं पाणी

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि पाणी खारट लागलं. फार नाही. जिभेच्या कडेला, दाढेपाशी, कपाळावरचा घाम ओघळून ओठात गेला तर लागतो तेवढंच. पण मी थांबले, दुसरा घोट घेतला, तो गालात फिरवला आणि गल्ल्यावरच्या मष्णूला विचारलं, "पाणी कुठलं हे?" मष्णू सुट्टे पैसे लावत होता. "कुठलं म्हंजे? राकसकोप धरणाचं. निम्मं बेळगाव पितंय न्हवं?" मी म्हटलं, खारट आहे. त्यानं ग्लासाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. पेशंटच्या नातेवाइकांकडं बघायची त्याची एक ठरलेली नजर असणार. आवाज मऊ करून म्हणाला, "आक्का, कोन हाय तुमचं आत?" मी पर्समधून मीटर काढला. पेनाएवढा असतो तो. पाण्यात बुडवला की त्यात क्षार किती ते सांगतो. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, माझ्या पर्समध्ये हा. आकडा आला तो इतका लहान की माळगेकोडीत असा आकडा दिसला तर लोक पेढे वाटतील. पाणी गोड होतं. बिघाड माझ्यात होता. मी ग्लास संपवला, शेवटच्या घोटापर्यंत तो खारटच लागला, आणि मष्णूला सॉरी म्हणून मी जिना चढायला लागले.

माळगेकोडी हे कारवारच्या खालचं, खाडीच्या तोंडावरचं गाव, आणि मी तिथल्या पट्टणपंचायतीची पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. गावाला पाणी कसं द्यायचं हे शिकायला मला बेळगावच्या कॉलेजात चार वर्षं लागली आणि ते विसरायला माळगेकोडीत एक उन्हाळा पुरला. नदीकाठी आमची विहीर, विहिरीत पंप. पावसाळ्यात नदी अंगानं भरलेली असते तोवर सगळं ठीक. फेब्रुवारी सरला की तिचा जोर ओसरतो आणि समुद्र, कुणी बोलावल्यासारखा, आत यायला लागतो. वाळू काढणाऱ्यांनी नदीचं तोंड इतकं खोल करून ठेवलंय की त्याला अडखळायला उंबरासुद्धा उरलेला नाही. दरवर्षी आम्ही वाळूच्या पोत्यांचा बांध घालतो आणि दरवर्षी उधाणाची भरती तो खाते. मग उरतं एवढंच: ओहोटी लागली की पंप लावायचा, भरती फिरली की बंद करायचा, आणि जे हाताला आलं त्यात डोंगरातल्या झऱ्याचं थोडं गोड पाणी मिसळून टाकी भरायची. एप्रिलात झराही आटतो. मग नुसतं मिसळल्याचं समाधान. खारं पाणी गोड करायचं यंत्रही आलं होतं एकदा, फीत कापून, नारळ फोडून. दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या चाळण्या मिठानं चोंदल्या आणि दुरुस्तीचा माणूस अजून वाटेतच आहे. पंपावर परशराम असतो. तो गुंजीचा, माझ्यासारखाच घाटावरून खाली घरंगळलेला. त्याचा रोज फोन येतो, "मॅडम, वहटी लागली, सोडू?" मी मीटरचा आकडा विचारते, तो सांगतो, मी म्हणते, सोड. नको म्हटलं तर लोकांना गोड पाणी मिळेल असं नाही, खारंसुद्धा मिळणार नाही, एवढंच. ज्यांना परवडतं ते कॅन विकत घेतात. बाकीचे पितात.

आबा गेल्यावर मी आईला निपाणीहून तिकडं घेऊन गेले. यल्लाप्पा माझ्या वडिलांचं नाव, ते असेपर्यंत ती कुठं हलली नव्हती. तंबाखूची वखार, गल्ली, विहार, एवढंच तिचं जग. माझ्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिनं भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कॅलेंडर बघितलं. त्यावर प्रत्येक अमावस्येला काळा गोल, पौर्णिमेला पांढरा. "ह्ये काय गं उपासना? बाबासायबांच्या घरात आवस-पुनव?" मी तिला समजावलं की त्या दिवसांत भरती मोठी येते, पाणी जास्त बिघडतं. मी अमावस्या पाळत नाही गं, माझा पंप पाळतो. तिला ते फार आवडलं. निपाणीच्या बायकांना ती फोनवर सांगायची, "आमच्या उपासनाच्या हुकमाबिगर त्या गावात नळ येत न्हाय. बामनाच्या घरात सुदीक न्हाय. समद्यांनी भांडी लावून बसायचं, हिनं फोनवर सोड म्हनल्याबिगर थेंब न्हाय." बोलताना तिचा चेहरा असा फुलायचा की मी आत जाऊन उगाच कपड्यांच्या घड्या घालत बसायची.

तिचं लहानपण निपाणीजवळच्या खेड्यातलं. ती ते चिडून सांगत नाही, हवापाणी सांगावं तसं सांगते. विहिरीच्या कठड्यापासून लांब घागर ठेवायची आणि उभं राहायचं. कुणाच्या मनात आलं की तो पोहरा वरून ओतणार, निम्मं घागरीत, निम्मं भुईवर. गाळ असेल, पालापाचोळा असेल, बेडूक असेल. काही बोलायचं नाही; बोललं की दुसऱ्या दिवशी कुणाच्या मनात येत नाही. "मिळाल्याल्या पान्याला नाव ठिऊ ने," हे तिनं मला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं. शाळेतल्या टाकीचं पाणी वास मारतं म्हणून मी एकदा थुंकले तर तिनं पाठीत धपाटा घातला होता. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी पाण्याची इंजिनिअर झाले ती त्या धपाट्यानं झाले. पण त्या वाक्याला माळगेकोडीत कुठली फळं येणार होती, हे मला कसं कळावं? मी क्वार्टरमध्ये कॅन आणत होते. आई कॅनला हात लावायची नाही. मी तिला साध्या शब्दांत सांगितलं, उन्हाळ्यात नळाचं पिऊ नकोस, तुझं बीपी आहे. ती म्हणाली, "समद्या गावाला तू पाजतीस त्ये पानी, आन् तुझ्याच आईनं इकत घिऊन प्यावं? खानावळवालीनंच दुसऱ्याच्या खानावळीत जेवावं तसं झालं ह्ये." मी कॅनमधून ग्लास भरून घेतला की ती तोंड फिरवायची. माझी लाज वाटायची तिला.

दूध नासायला लागलं, तिनं गवळ्याला फैलावर घेतलं. डाळ शिजेना, तिनं दुकानदाराला शिव्या घातल्या. चहाला एक ओशट चव यायला लागली, तर म्हणाली पावडर बदल. गावातल्या प्रत्येकाला तिनं दोष दिला, पाणी सोडून. आणि एकदा मी ऑफिसातून लवकर आले, कढईतली आमटी चाखली, बरी होती, मिठाला बरोबर. मग मिठाची बरणी उघडली तर ती काठोकाठ भरलेली. वरचा थर दगडासारखा धरलेला, त्यात कुणी कित्येक दिवसांत चमचा घातलेला नव्हता. मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या बरणीकडं बघत राहिले. म्हणजे हाताला कळत होतं. आमटीत मीठ घालायचं नाही, भातात घालायचं नाही, हे तिचा हात ठरवत होता आणि तोंड मात्र गप्प होतं. मी विचारलं, "आई, मीठ घालत नाहीस तू?" ती म्हणाली, "डाक्टरनं कमी खा म्हनलंय न्हवं?" आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ मी रोज नवा लावते. त्या दिवसापासून मी तिच्या तांब्यात कॅनचं पाणी भरून ठेवायला लागले. मी ऑफिसला गेले की ती ते अळूला घालायची आणि तांब्या नळाखाली धरायची. अळू मात्र जोमानं वाढलं.

मेमध्ये तिचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मग ती आडवी झाली की धाप लागायची, उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. मग एक दिवस बसूनही श्वास पुरेना. गोव्यातून, चोर्ला घाटातून ॲम्ब्युलन्सनं बेळगावला आणलं. कणकुंबीला ड्रायव्हर चाकाची हवा बघायला थांबला. बाहेर गर्द रान, रस्त्याच्या कडेला कातळातून पाण्याची एक बारीक धार, आणि ती कुणी प्यायची वाट न बघता गटारात चाललेली. आईनं मास्क बाजूला करून पाणी मागितलं. नर्सनं मान हलवली, अंगात पाणी साठलंय, द्यायचं नाही. तहान तर लागलेली, अंगात पाणी तर साठलेलं, बाहेर मलप्रभेच्या उगमाचं रान, आणि मी पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. अशा वेळी माणसानं रडावं की हसावं? मी खिडकीची काच वर केली, त्या धारेचा आवाज तरी तिला ऐकू येऊ नये म्हणून.

इथल्या डॉक्टर प्रियदर्शनी माझ्याहून लहान, चांगली मुलगी. तिनं मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय आणि किडन्यांनी काम सोडलंय, त्या आता परत यायच्या नाहीत. डायलिसिस तिचं हृदय सोसणार नाही. किती दिवस ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मग तिनं विचारलं, "मीठ जास्त खातात का? लोणचं, पापड, सुकी मासळी?" मी म्हटलं, नाही. "मग पाणी कुठलं आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, नळाचं. ती म्हणाली, "अच्छा," आणि पुढच्या पेशंटकडं गेली. तिला वाटलं असेल, नळाचं म्हणजे चांगलं. हाच समज व्हावा म्हणून तर सरकार मला पगार देतं. ती पाठमोरी जात होती आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हिच्यासारख्या तिथं शंभर आहेत, फक्त त्यांच्या मुलींना पट्टणपंचायतीत नोकरी नाही म्हणून त्यांना बेळगाव दिसत नाही. मी ओरडले नाही. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन परशरामला फोन केला आणि बांधाची पोती टिकली आहेत का ते विचारलं. टिकली नव्हती.

तर कँटीनमधून त्या पाण्याची चव तोंडात घेऊन मी वॉर्डात आले. दुपारची भेटायची वेळ होती. आईच्या शेजारच्या खाटेवर जयाबाई, बेळगुंदीची शेतकरीण, मराठ्याच्या घरातली. शेताच्या बांधावरून घसरून पाय मोडून आलेली. चार दिवसांत दोघींचं चांगलं जमलं होतं, जयाबाई आईला तानीआक्का म्हणायची. जयाबाईची सून डबा आणायची त्यातला शेंगदाण्याचा लाडू ती आईच्या हातावर ठेवायची, आई तिला वखारीतल्या मुकादमाच्या नकला करून दाखवायची, धाप लागेपर्यंत. आईला दिवसाचं पाणी मोजून मिळत होतं. एका बारक्या भांड्यात, घोटाघोटानं. मी आत आले तेव्हा तिनं उशाखालच्या पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली होती. मी ती लगेच ओळखली. आमच्या स्वयंपाकघरातली, झाकणाला लाल दोरा बांधलेली. आजारी पडायच्या आधी ती निपाणीला जाणार होती, तिथल्या बायकांना दाखवायला म्हणून तिनं ती आमच्या नळाखाली भरून ठेवलेली, आणि कशी कुणास ठाऊक, ॲम्ब्युलन्समधून इथवर आली होती. "घे गं आक्का," ती जयाबाईला म्हणत होती, "मला तर पिऊ देत न्हाईत. तू तरी घे. माझ्या लेकीच्या हातचं पानी हाय. पुरं गाव पितंय." जयाबाईनं आपलं भांडं पुढं केलं. आईनं ओतलं. एक थेंब खाली सांडू दिला नाही. जयाबाईनं मोठा घोट घेतला, तिचे डोळे बारीक झाले, गाल फुगले, आणि तिनं खाटेखालचं तसराळं ओढून त्यात पचकन थुंकलं.

आईचा हात बाटलीसकट तसाच वर राहिला. जयाबाई ओठ पुसत बोलायला गेली, "अगं बाई, ह्ये तर..." आणि माझा चेहरा बघून थांबली. आईनं झाकण लावलं. सावकाश, दोऱ्यासकट नीट फिरवून. बाटली पिशवीत ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. तिला काय वाटलं ते मला सांगायची गरज नव्हती. सबंध आयुष्य ती ज्या एका गोष्टीची वाट न बघता वाट बघत होती ती इथं, मरायच्या खाटेवर, लाडू दिलेल्या हातानं तिच्यासमोर आणून ठेवली होती. आणि ती खरी नव्हती. जयाबाईच्या मनात तसं काही नव्हतं; तिच्या जिभेला मीठ लागलं, लहान लेकरू थुंकेल तशी ती थुंकली. हे आईला फक्त मी सांगू शकत होते. आणि ते सांगायचं म्हणजे दुसरं सांगायचं. दोन्हीतलं एक काहीतरी बरोबर घेऊन ती जाणार होती: एका बाईनं आपल्याला विटाळ मानला हे, नाहीतर आपल्या लेकीच्या पाण्यानं आपल्याला संपवलं हे. मला कुणी विचारलं असतं तर मी तिसरं काहीही दिलं असतं.

मी खाटेच्या कडेला बसले, तिच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला. "आई," मी म्हटलं, "जयाआक्कांनी विटाळ मानला नाही. पाणीच खारं आहे. समुद्राचं पाणी आत येतं, मला अडवता येत नाही. तू रोज तेच पीत होतीस. त्यानंच तुझं हे झालं." सगळं एका दमात बोलले, थांबले असते तर पुढचं आलं नसतं. आई वळली नाही. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "तिची बाजू घिऊन माझ्यासंगं लबाड बोलू नगंस. लई शिकलीस म्हून काय मानसं कळंनात व्हय तुला?" मी म्हटलं, "आई, खरंच खारं आहे." ती म्हणाली, "मी प्याली न्हवं? मला न्हाय लागलं ते खारं." बरणीतला मिठाचा थर माझ्या डोळ्यांपुढं आला.

तेवढ्यात फोन वाजला. परशराम. बाहेर जायला हवं होतं, पण पाय उचलला नाही, तिथंच बसून घेतला. "मॅडम, वहटी लागली, सोडू?" मी आकडा विचारला. "आज लईच हाय मॅडम. बांध गेल्यापास्नं मीटर खाली यायलाच तयार न्हाय. काल सांगितला त्याच्या दुप्पट धरा." टँकर? "टँकर न्हाय आला. बायका सकाळधरनं नळाला भांडी लावून बसल्यात. एक बाळंतीन हाय शाळंमागच्या घरात, तिची सासू दोनदा यिऊन गेली. काय करू सांगा." त्याच्या मागं पंपघरातल्या पत्र्याचा आवाज, कावळे, आणि दूर कुठंतरी रिकाम्या घागरीवर घागर आपटल्याचा आवाज येत होता. ती बाळंतीण मला दिसली. तिची सासू दिसली. अळू दिसलं. माझ्या तोंडात कँटीनमधली ती चव परत आली, आता जिभेच्या कडेला नाही, सगळ्या तोंडात. आईच्या पायावर माझा हात होता आणि त्या हाताच्या बोटांखाली खळगे पडले होते. मी म्हटलं, "सोड."

आईनं भिंतीकडची मान वळवली. दोन्ही कोपरांवर जोर देऊन ती उशीवर वर सरकली, धाप आवरली, आणि शेजारच्या खाटेकडं बघून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलंस का गं आक्का? हितनं सोडतीया गावाला पानी, माझी लेक." जयाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. तिला किती कळलं मला माहीत नाही. बांधावर जन्म काढलेल्या बाईला बरंच कळतं. तिनं मोडका पाय हातानं उचलून कडेला घेतला, पुढं वाकली आणि आपलं भांडं आईपुढं धरलं. "दे गं तानीआक्का. मगाशी ठसका लागला बग मला. नीट पिलंच न्हाय." मी तिला थांबवायला उठले आणि तशीच उभी राहिले. आईनं पिशवीतून बाटली काढली, भांडं काठापर्यंत भरलं. जयाबाईनं ते तोंडाला लावलं आणि डोळे न मिटता, मध्ये न थांबता, सगळं पिऊन टाकलं. भांडं पालथं करून दाखवलं. "ग्वाड हाय," ती म्हणाली, "लई ग्वाड हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांत तिचा चेहरा असा फुललेला मी बघितला नव्हता.

"बग," ती म्हणाली, "आन् तू म्हन्तीस खारं."